टायमिंगला हात सगळ्यात शेवटी

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. "ताई, पद्मिनी तापतेय, चढाला दम टाकतेय, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतोय. मेकॅनिक म्हणतो, काही नाही, टायमिंग थोडं फास्ट करून देतो." तू सहज बोलून गेलीस, पण ते "थोडं फास्ट" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण हे एकदा मी स्वतःच्या हाताने करून बसले आहे. आबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज तुला सांगते, म्हणजे निदान तू तरी त्या खड्ड्यात पडणार नाहीस.

तू तेव्हा बारावीला होतीस. आबांनी पहिल्यांदाच गाडी पूर्णपणे माझ्या हवाली केली होती. तीही अशीच मरगळलेली होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी विचार करायची आणि मग पुढे जायची. आबांच्या शेजारी उभं राहून मी एवढंच पाहिलं होतं, की डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी एक क्लॅम्प असतो, त्याचा बोल्ट सैल केला की डिस्ट्रिब्युटर हाताने फिरतो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. मग काय, एका दुपारी आबा झोपलेले पाहून मी बोल्ट सैल केला, आवाज सगळ्यात चढा आणि मोकळा लागला तिथे आणला आणि आवळून टाकला. गाडी अशी पळाली म्हणतेस! मला वाटलं, आपण जन्मजात उस्ताद आहोत.

आठ दिवसांनी सर्व्हिसिंगला गाडी एका गॅरेजात गेली. तिथे त्यांनी डिस्ट्रिब्युटरमध्ये नवे पॉइंट टाकले, त्यांच्यातला गॅप नीट लावला आणि गाडी परत दिली. टायमिंग कुणी तपासलं नाही. त्यांना विचारायचं कारणच नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला, उन्हात, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला आणि बॉनेटखालून डब्यात गोट्या हलवाव्यात तसा आवाज सुरू झाला. टकटक, टकटक. मी म्हटलं, टॅपेट वाजत असतील. घरी पोचेपर्यंत मागून निळा धूर. इंजिन खोललं तेव्हा एका पिस्टनची रिंग बसते ती कड तुटलेली निघाली. आबांनी पेट्रोलला शिव्या घातल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडत बसले.

आता नेमकं काय झालं होतं ते ऐक, सगळं शहाणपण त्यातच आहे. जुने पॉइंट झिजले होते. पॉइंटचा तो तपकिरी टाचेचा तुकडा कॅमवर घासून घासून झिजतो, तसा गॅप कमी होत जातो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. म्हणजे टायमिंग आपोआप स्लो झालेलं होतं. खरा रोग पॉइंटचा. मी डिस्ट्रिब्युटर फिरवून त्या रोगावर पांघरूण घातलं. मग गॅरेजवाल्यांनी नवे पॉइंट टाकले, गॅप वाढला, ठिणगी पुन्हा लवकर पडू लागली, आणि मी आधीच पुढे ढकललेलं टायमिंग आणखी पुढे गेलं. दोघांनीही आपापल्या परीने गाडी सुधारली आणि दोघांनी मिळून पिस्टन फोडला.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, बयो. टायमिंग ही शेवटी लावायची गोष्ट आहे. आधी बाकीचं सगळं जागेवर आण आणि मगच त्या क्लॅम्पला हात लाव.

आधी हे टायमिंग म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसव, म्हणजे कुणी काही सांगितलं तर तुला तोलता येईल. ठिणगी पडली की आतली पेट्रोलची वाफ एका क्षणात भडकत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. ढोबळमानाने दोन मिलिसेकंद धर. तेवढ्यात क्रँक किती फिरतो? मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलला साधारण १० अंश. तेच ३००० फेऱ्यांना ३६ अंश. पिस्टन वरून नुकताच खाली वळतो तेव्हा दाब शिगेला पोचायला हवा, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पाडावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. (वेगाबरोबर आतली घुसळणही वाढते आणि ज्योत जरा झपाट्याने पसरते, म्हणून प्रत्यक्षात अगदी ३६ लागत नाहीत. पण हिशेब असा.) हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. ३००० फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात, प्रत्येक वेळेवर. आता कळलं ना, बोटभर फिरवण्याने एवढा फरक का पडतो? शिवाय डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तू तो एक अंश हलवलास की क्रँकच्या हिशेबाने दोन अंश हलले.

आपले जुने मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात ना, त्याचीही गंमत आहे. १९०९ साली अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी एक कंपनी काढली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी ही ठिणगीची पद्धत त्यांनी मोटारींत रुजवली. आपल्या १९८६ च्या पद्मिनीत बॉनेट उघडलं की जे दिसतं, ते मुळात त्यांचंच.

तर आता उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, एकेक करून बघ. ओढणी काढून ठेव, बांगड्या काढ, केस बांध. गाडी अंगणात घे, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नकोस, धूर घातक असतो.

पहिल्यांदा प्लग. चारही काढ आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात राहील असे ओळीने ठेव. एक नंबर रेडिएटरकडचा. काळा काजळीचा, ओला तेलाचा, पांढराफटक तापलेला. तुझ्या आईच्या तव्यावरची भाकरी तू रंगावरून ओळखतेस ना, तसंच हे. हलका तपकिरी हवा. मग जाड वायरी बघ. रात्रीच्या अंधारात इंजिन चालू करून पाहिलंस तर तडकलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हात मात्र लांब ठेव, तो झटका साधा नसतो. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतून पूस आणि उजेडात धर. केसासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, करंट तिथूनच पळतोय. नवं झाकण आण. वायरींचा क्रम १-३-४-२. तो चुकला तर गाडी थुंकेल, खोकेल, आणि लोक म्हणतील टायमिंग गेलं.

दुसरं, पॉइंट. इंजिन हळूहळू फिरवून टाच कॅमच्या कोपऱ्यावर आण, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडे राहतील. तिथे फिलर गेजने गॅप माप. अशा गाड्यांत तो साधारण ०.३५ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा डिस्ट्रिब्युटर कुठल्या बनावटीचा आहे त्यावर ठरतो. आबांच्या निळ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेला आहे, तोच खरा मान. पाती हलकी अडत सरकली पाहिजे, ओढावी लागता कामा नये. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसलं, तर तिथे गेज फसवतं. ते टेंगूळ घासत बसू नकोस, नवे टाक. आणि सोबत कंडेन्सरही बदल. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, ठिणगी पिवळट आणि मरतुकडी पडत असेल किंवा गरम झाल्यावर गाडी मिस मारत असेल, तर संशय त्याच्यावर घे. कॅमवर काडेपेटीच्या गुलाएवढंच ग्रीस लाव. जास्त लावलंस तर ते उडून पॉइंटवर बसेल.

तुझ्याकडे ड्वेल मीटर असेल तर बेस्टच. चार सिलिंडरला पॉइंट ६० अंशांच्या आसपास बंद राहायला हवेत.

तिसरं, डिस्ट्रिब्युटरचं आरोग्य. रोटर काढून दांडा बोटांनी बाजूला हलवून बघ. हलत असेल तर आतलं बुश झिजलंय. मग गॅप प्रत्येक फेरीला वेगळा पडतो आणि कितीही टायमिंग लाव, ते थरथरतच राहणार. आता रोटर परत बसव, तो ज्या बाजूला फिरतो त्या बाजूला हाताने थोडा पिळ आणि सोड. स्प्रिंगने चट्‌कन मागे यायला हवा. आला नाही तर वजनं गंजून अडकलीत. गाडी आयडलला बरी आणि पळताना मेलेली, याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. तुझ्या डिस्ट्रिब्युटरला बाजूला चपटी डबी आणि तिच्यातून कार्ब्युरेटरकडे गेलेली नळी असेल, तर नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढून बघ. आतली प्लेट हलली आणि जीभ लावून टोक बंद केल्यावर तिथेच राहिली तर पडदा शाबूत आहे.

चौथं कुणी बघत नाही. क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन थोडं मागे-पुढे कर आणि रोटरकडे बघ. पुली बरीच हलते आणि रोटर ढिम्म, असं झालं तर टायमिंग चेन ढिली आहे. ते दुखणं डिस्ट्रिब्युटर फिरवून बरं होत नाही.

एवढं झाल्यावरच टायमिंग. आणि आता ते अवघड उरलंच नाही.

एक नंबरचा प्लग काढलेलाच आहे. त्या भोकावर अंगठा ठेव आणि दुसऱ्या कुणाला तरी पाना धरून इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवायला सांग. अंगठा आतून जोरात ढकलला गेला की समज, एक नंबर दाबाच्या फेरीवर आहे. आता पुलीवरची खूण कव्हरवरच्या रेघेशी आण. चुकून पुढे गेलीस तर नुसतं मागे येऊन जुळवू नकोस. बरंच मागे जाऊन पुन्हा चालीच्या दिशेने ये, म्हणजे चेनची ढिलाई मध्ये येणार नाही. खूण गंजाखाली गेली असेल, तर तारेच्या ब्रशने घासून खडूने पांढरी कर. कुणी कधी दुसऱ्याच गाडीची पुली बसवली असेल तर खूणच खोटी निघते. शंका आली तर पिस्टन खरोखर सगळ्यात वर आहे का ते आधी तपासून घे. मात्र प्लगच्या भोकात तुटेल असं काही घालू नकोस.

मग एक १२ व्होल्टचा साधा बल्ब. एक वायर कॉइलच्या त्या टोकाला, जिथून पॉइंटकडे तार जाते, दुसरी बॉडीला. किल्ली फिरव. पॉइंट बंद असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेला फिरवलास की टायमिंग फास्ट होतं, रोटरच्याच दिशेला फिरवलास की स्लो. आधी स्लोच्या बाजूला ने, बल्ब विझेल. मग फास्टच्या बाजूला हळूच परत आण, आणि बल्ब पेटतो न पेटतो तिथे क्लॅम्प आवळ. बस. फक्त किल्ली चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नकोस. पॉइंट बंद असतील तर कॉइल तापून जळते. मला माहीत आहे, तेही मी केलंय.

प्लग परत लाव. इंजिन चालू झाल्यावर टायमिंग लाइट. सातारच्या बाजारात मिळाली नाही तर मी पुण्याहून माझी पाठवते. एक चिमटा एक नंबरच्या वायरीवर, दोन बॅटरीवर. इंजिन गरम, आयडल वहीतल्या आकड्यावर, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद. लाइटच्या लखलखाटात खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. आणि पंखाही! नीट ऐक, पंखासुद्धा थांबल्यासारखा दिसतो. तो फिरत असतो. हात घालू नकोस.

आता अ‍ॅक्सिलरेटर हळू वाढव. खूण एकसारखी पुढे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा त्याच जागी आली पाहिजे. सरकलीच नाही, तर वजनं अडकलीत. झटक्यात उडी मारली, तर स्प्रिंग तुटलीय किंवा मरगळलीय. जागच्या जागी थरथरतेय, तर मघाशी म्हटलं ते बुश. क्लॅम्प आवळताना डिस्ट्रिब्युटर जरासा सरकतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा लाइट मारून बघ.

आणि शेवटी रस्ता. गाडी चांगली गरम कर, चढ घे, तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाने पाय दाब. गोट्यांचा आवाज आला तर पाय लगेच काढ, घरी ये आणि एक-दोन अंश मागे घे. तरीही वाजत राहिली तर टायमिंगलाच धरून बसू नकोस. आत कार्बन साचलेला असेल, गाडी तापत असेल, मिश्रण पातळ असेल. पेट्रोलही बदललंय. आबांच्या काळी साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं असायचं, आता ९१ च्या खाली नसतं, म्हणजे ठोकण्याची भीती उलट कमी. पण त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने मिश्रण पातळ होतं आणि जुन्या रबरी नळ्या कुजतात. उन्हात ट्रॅफिकमध्ये उभी असताना गाडी बंद पडून, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर ते टायमिंग नव्हे, नळीत पेट्रोलची वाफ झालीय.

तुझी लक्षणं मी काल कागदावर लिहून काढली. तापते, दम टाकते, सायलेन्सरमध्ये फटफट, पेट्रोल जास्त खाते. हे सगळं स्लोच्या बाजूला बोट दाखवतं. ठिणगी उशिरा पडते, जाळ सिलिंडरमध्ये संपत नाही, तो बाहेर नळीत जाऊन जळतो. फास्ट असती तर स्टार्टर मारताना झटका मागे दिला असता आणि चढाला टकटक केली असती. म्हणजे तुझा मेकॅनिक चूक सांगत नाहीये गं. टायमिंग स्लो आहेच. पण ते स्लो का झालं, हे त्याने विचारलं नाही. मागच्या दिवाळीनंतर पॉइंट बदललेत का? नाही ना? मग माझी पैज पॉइंटच्या टाचेवर आहे. गॅप लाव, आणि बघ, कदाचित डिस्ट्रिब्युटर हलवायची वेळच येणार नाही.

त्याच्याशी भांडू नकोस मात्र. गॅरेजात गेलीस की "मॅडम, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा" म्हणतील. बसू नकोस. गोड बोलून शेजारी उभी राहा आणि एवढंच विचार, "दादा, आधी गॅप बघायचा का?" या एका वाक्याने माणूस तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. आणि कार्ब्युरेटर खोलू का म्हणाला तर म्हण, आधी करंट बघू. पेट्रोलचं दुखणं म्हणून दाखल झालेल्या किती गाड्या शेवटी ठिणगीच्या निघाल्या, ते मी मोजणं सोडून दिलंय.

हे काम कळणारी माणसंही आता कमीच होत जाणार. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर दिवसाला चार-चार डिस्ट्रिब्युटर खोलणारे हात होते, पार्ट होते. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना केव्हाच थांबला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदतही संपली. आपली गाडी आता आपल्यालाच कळायला हवी.

जाता जाता एक. काम सुरू करायच्या आधी, डिस्ट्रिब्युटर आत्ता जिथे आहे तिथे त्याच्यावर आणि ब्लॉकवर मिळून एक रेघ ओढ. काही बिनसलं तर परत यायला घर राहतं. आणि जे केलंस ते त्या निळ्या वहीत तारीख घालून लिही. किती गॅप होता, किती केला, खूण कुठे आली. त्या वहीत मी तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं, आणि आबा ती तुटलेली कड हातात धरून वही उलटीपालटी करत बसले होते. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या पानावर जागा आहे. माझी नोंद तू लिही, माझ्या नावाने. काय केलं होतं ते आता तुला माहीत आहे.

रविवारी सगळं झालं की फोन कर आणि बॉनेटजवळ धर. टायमिंग बरोबर आहे का हे मला फोनवर काही कळायचं नाही, कानाने लावायला गेले आणि काय झालं ते आत्ताच सांगितलं. ते तू लाइटने बघितलेलं असशीलच. मला नुसती ती चालू झालेली ऐकायचीय.